शिपायाचं रिंगण

"ओ मामा, साखळी काढा की त्याची! हितं कुत्री बांधायची नसत्यात, सोडायची असत्यात."

हुस्ना बाकावरूनच ओरडली. तिची बर्फी, पांढरीशुभ्र लॅब्राडोर, मैदानाच्या पार त्या टोकाला उधळली होती. कळंब्याच्या बाजूचं हे कुत्र्यांसाठीचं मैदान. चारी बाजूंनी जाळी, आत गवत, दोन बाक. सकाळचं तिथं फारसं कुणी नसतं.

बसलिंगाप्पा फाटकाच्या आत येऊन थांबले होते. शेजारी नात रक्षिता. साखळीच्या टोकाला शिपाई, तांबूस रंगाचा, तोंडाभोवती पांढरा पडलेला.

"सोडतो की. त्याच्यासाठीच आलोय," अप्पा म्हणाले. हात मात्र हलेना.

उभा जन्म अप्पांनी गुळाच्या व्यापारात काढला. गोदामाच्या दारात खुंटा, खुंट्याला शिपाई. पिल्लू होता तेव्हापासून. हमाल म्हणायचे, "अप्पा, रात्रीचं तरी सोडा त्याला." अप्पांचं उत्तर ठरलेलं, "मोकळं कुत्रं माणसांत मिसळतंय. उद्या चोर आला तर त्याच्याम्होरं बी शेपूट हलवंल." शिपाई भुंकायचा, गुळाच्या ढेपा सुखरूप राहायच्या आणि अप्पा निवांत झोपायचे.

यंदा गोदाम मोडलं. रक्षितानं शिपायाला घरी आणलं. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि म्हणाले, "म्हातारा झालाय. पुढचा उन्हाळा काढेल असं वाटत नाही." त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच बोलले, "रक्षिता, ह्याला पळताना मी एकदा बी बघितलं न्हाय गं."

अखेर अप्पांनी वाकून कडी काढली. साखळी गवतात पडली.

"पळ रं! पळ की!"

शिपाई निघाला. चार पावलं टाकली आणि मान मागं हिसकली, कुणी ओढल्यासारखी. मग तो वळला आणि तेवढ्याच अंतरावरून फिरत राहिला. गोल. पुन्हा गोल. बर्फी येऊन त्याच्यापुढं नाचून गेली. शिपाई तिच्या दिशेनं निघाला आणि त्याच जागी थबकला.

हुस्ना उठून जवळ आली. "ह्ये असं काय करतंय ओ?"

"साखळी तेवढीच हुती," अप्पा म्हणाले.

"आत्ता कुठं हाय साखळी?"

विचारता विचारताच हुस्नाचा आवाज उतरला. "लांब जाऊन हाक मारा की मामा. मालकाच्या हाकेला येतंयच."

"हाक कशी मारू? बांधलेल्याला कोण हाक मारतंय व्हय?"

रक्षितानं खिशातलं बिस्किट काढून लांब टाकलं. शिपायानं त्याच्याकडं पाहिलं, लाळ गाळली, पण जागचा हलला नाही.

"अज्जा," रक्षिता हळूच म्हणाली, "तो तुमच्याभोवतीच फिरतोय. मधी तुम्ही हाय बघा."

अप्पांनी पायाखाली पाहिलं. रिंगणाच्या मधोमध, खुंटा असायचा तिथं ते उभे होते.

त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. शिपाईही तेवढाच पुढं सरकला. आणखी एक, आणखी एक. बिस्किट आवाक्यात आलं, शिपायानं ते उचललं. अप्पांचे गुडघे कुरकुरत होते. तरी ते समोरच्या जाळीकडं चालत राहिले. रिंगण त्यांच्याबरोबर सरकत राहिलं. पाण्याच्या टाकीपर्यंत, बर्फीनं उकरलेल्या खड्ड्यापर्यंत, जांभळाच्या सावलीपर्यंत. शिपाई एकेक जागा नाक लावून हुंगत होता. पळाला मात्र नाही.

"बसा ओ मामा जरा," हुस्ना म्हणाली. "घाम बघा किती आलाय."

"अज्जा, बसा की," रक्षितानं हात धरला.

अप्पांनी हात सोडवून घेतला. मैदानाचा पलीकडचा कोपरा अजून राहिला होता.

"बसलो की ते बी थांबतंय," ते म्हणाले आणि पुढचं पाऊल टाकलं.