एकशे अठ्ठेचाळीसची रिकामी ओळ

रजिस्टरबाईंचं अक्षर असं होतं, की बघणाऱ्याला आपलंही नाव त्यांच्याकडून एकदा लिहून घ्यावंसं वाटे. मोठ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या सव्वीस वर्षं नोकरीला होत्या. तळघरात, छतापर्यंत पोचलेल्या लोखंडी रॅकमध्ये. कुठल्याही पेशंटची फाईल दोन मिनिटांत काढून देत. डॉक्टर वरून फोन करत, फाईल वर जाई, आणि बाई खालीच राहत.

रविवारी त्या चर्चच्या मंडळीच्या नोंदवहीच्या सेक्रेटरी असत. वडिलांचा सभासद क्रमांक तीन, आईचा चार, त्यांचा तेवीस. लग्न केलं नाही. भाऊ-भावजयीच्या घरात मागची खोली त्यांची. मंडळीत कोण कधी आलं, कुठल्या मंडळीचा दाखला घेऊन आलं, कोण देवाघरी गेलं, सगळं त्यांच्या काळ्या शाईत आणि लाल रेघेत होतं. लोक त्यांना मान देत. वाट सोडून उभे राहत. नमस्कार करत आणि पुढे जात.

पुढे म्हणजे मावशीकडे.

मावशी सहा वर्षांपूर्वी या गावात आली. चष्म्याच्या दुकानात फ्रेमा बसवायचं काम करायची. पहिल्याच रविवारी शेजारच्या म्हातारबुवांच्या चष्म्याची काडी उपासनेत निखळून पडली. तिनं पर्समधून बोटभर पेचकस काढला आणि गाणं संपायच्या आत चष्मा बुवांच्या नाकावर परत बसवला. तिथून जे सुरू झालं ते सुरूच. उपासनेआधी दाराशी तिच्याभोवती घोळका. कुणाचा स्क्रू सैल, कुणाची काडी कानाला टोचते. आणि चष्मा नीट होईस्तोवर माणूस काय करणार? बोलणार. सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, परगावी गेलेल्या मुलाच्या न येणाऱ्या फोनबद्दल. तिसऱ्या महिन्यात ती सगळ्यांची मावशी झाली.

ती बाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान होती. आता आपल्याहून लहान बाईला मावशी कशी म्हणायची? बाई तिला काहीच म्हणत नसत. "अहो, जरा ऐकता का," एवढंच.

बाईंच्या स्वतःच्या चष्म्याची डावी काडी चार महिन्यांपासून सैल होती. त्यांनी ती काळ्या दोऱ्यानं बांधली होती. खाली बघून लिहिताना चष्मा नाकावरून घसरायचा, त्या एका बोटानं वर सारायच्या आणि पुढची ओळ लिहायच्या.

"वन्सं, मावशीला द्या ना तो चष्मा," वहिनी म्हणायची. "दोन मिनिटांचं काम."

"माझं काही अडलेलं नाही."

"अडलेलं नाही कसं? परवा आमटीत पडला."

बाई उठून मागच्या खोलीत गेल्या.

आता ते दाखल्याचं. चार वर्षांपूर्वी मावशीनं सभासदत्वाचा फॉर्म भरून बाईंच्या हातात दिला होता. दोन सभासदांच्या सह्या होत्या. राहिला होता तिच्या जुन्या मंडळीचा दाखला. तो टपालानं यायचा होता. नियम असा, की दाखला आला की सेक्रेटरीनं पाळकसाहेबांना दाखवायचा आणि वहीत नाव चढवायचं.

दाखला आला त्या आठवड्यात बाई नऊ दिवसांच्या तापातून उठल्या होत्या. दोन रविवार त्या उपासनेला नव्हत्या. तिसऱ्या रविवारी गेल्या तेव्हा पाय थरथरत होते, आणि खरं सांगायचं तर, त्यांनी मनात उत्तरंही तयार ठेवली होती. 'आता बरं आहे.' 'हो हो, अशक्तपणा आहे थोडा.' दाराशीच त्यांना सर्व्हिस संपवून घरी बसलेला कंडक्टर भेटला.

"बाई, बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "मावशीचं काही कळलं का? गेल्या रविवारी आली नव्हती. आजारी आहे की काय? आम्ही तिघंचौघं जाऊन आलो, दाराला कुलूप."

मावशी भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. एक रविवार.

त्या दिवशी बाईंनी दाखल्याचं पाकीट फोडलं, वाचलं, घडी घातली आणि वहीच्या कापडी वेष्टणाच्या आतल्या खिशात सरकवलं. फाडलं नाही. वर्षानुवर्षं कागद जपणारा हात कागद फाडत नाही. वहीत एकशे सत्तेचाळीस क्रमांक झाले होते. त्यांनी एकशे अठ्ठेचाळीस लिहिला, पुढे ओळ कोरी सोडली. पुढच्या रविवारी भरू, असं त्या स्वतःला म्हणाल्या. मग त्याच्या पुढच्या. मग एक नवं जोडपं सभासद झालं आणि त्यांना एकशे एकोणपन्नास आणि दीडशे मिळाले. मधली ओळ तशीच.

मावशीनं कधी विचारलं नाही. हेच तर बाईंना झोंबायचं. विचारलं असतं तर 'बघते' म्हणता आलं असतं. पण तिला वाटत होतं, आपण सभासद आहोतच. सगळ्यांनाच वाटत होतं. ती सभासद नाही, हे साऱ्या जगात एकट्या रजिस्टरबाईंना ठाऊक होतं, आणि हे असं धन होतं, की बाहेर काढलं तर आपणच चोर ठरावं.

वर्षातून एकदाच धोका. वार्षिक सभेत वहीतली नावं क्रमानं वाचली जात आणि ज्यानं त्यानं 'हजर' म्हणायचं. जो नसेल त्याच्या वतीनं कुणीतरी सांगायचं, आजारी आहे, गावाला गेलाय. बाईंनी त्यावर तोड काढली होती. वाचायला उभं राहण्याआधी त्या म्हणत, "अहो, जरा चहाचं बघता का? हजेरी होईस्तोवर उकळेल." मावशी पदर खोचून मागच्या खोलीत जाई. हजेरी संपली की कप घेऊन बाहेर. तीन सभा अशा निभावल्या.

चौथ्या सभेला बाईंचा घसा बसला.

रेकॉर्ड रूममधल्या वीस वर्षांपूर्वीच्या फाईली दुसरीकडे हलवत होते. आठवडाभर त्या धुळीत होत्या. शनिवारी आवाज घोगरा, रविवारी नाहीसाच. पाळकसाहेबांनी काळजीनं पाहिलं आणि वही कंडक्टरच्या हातात दिली.

"तुमचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचतो," ते म्हणाले. "तुम्हीच वाचा."

बाईंनी हात पुढे केला. मान हलवली. घशातून वाऱ्यासारखं काहीतरी आलं.

"बसा हो बाई," कंडक्टर म्हणाला. "एक दिवस दुसऱ्याच्या गाडीत बसून बघा."

लोक हसले. चहाचं सांगायलाही बाईंना आवाज नव्हता. पण मावशी सवयीनं आधीच आत गेली होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. बाईंनी त्यातल्या त्यात हायसं वाटून घेतलं.

कंडक्टर वाचू लागला. एक, दोन, तीन, चारवर लाल रेघा. मग हजर, हजर, गावाला गेलीय, हजर. तेविसावं नाव आलं. बाईंचं. इतकी वर्षं त्या स्वतःचं नाव वाचतच नसत. खूण करून पुढे जात. आज ते मोठ्यानं खोलीत आलं आणि उत्तराची वाट बघत थांबलं.

बाईंनी तोंड उघडलं. काही नाही. त्या दुसऱ्या रांगेत, भिंतीकडेला, एकट्या. कुणाची नजर त्यांच्याकडे नव्हती. कंडक्टरचं बोट ओळीवर.

"हजर आहेत हो!" आतून आवाज आला. मावशी दारात उभी, हातात गाळणी. "घसा बसलाय त्यांचा. मघाशीच गरम पाणी दिलंय मी."

"हजर," म्हणत कंडक्टर पुढे गेला.

बाईंच्या छातीत जे उठलं ते कृतज्ञता नव्हती. आपण इथे आहोत हेही हिनंच सांगायचं! आपल्याकडे आपलं म्हणावं असं एवढं एकच होतं, तेवीस नंबर, आणि त्यालाही आवाज हिचा. आणि ती गेली नाही परत. दारातच उभी राहून ऐकू लागली.

"एकशे सेहेचाळीस." "हजर." "एकशे सत्तेचाळीस." "हजर." कंडक्टर थबकला. पान डोळ्यांजवळ नेलं. "हे काय? एकशे एकोणपन्नास आलं. मधला नंबर कोराच."

"शाई उडाली असेल," कुणीतरी म्हणालं.

"उडाली कशी? नंबर आहे, नाव नाही. बत्तीस वर्षं तिकिटं फाडली मी. मधलं तिकीट गायब म्हणजे कुणीतरी बसलंय गाडीत आणि त्याला तिकीट दिलेलं नाही." त्यानं उरलेल्या ओळी बोटानं भरभर चाळल्या. "अरेच्चा. मावशीचं नाव कुठाय? यात नाहीच की."

"नीट बघा," वहिनी म्हणाली.

"शेवटपर्यंत बघितलं."

सगळे मावशीकडे वळले आणि मावशी बाईंकडे. "मी फॉर्म दिला होता ना तुम्हाला?" ती सावकाश म्हणाली. तक्रार नव्हती, खरोखरच आठवत होती. "दाखला यायचा होता. मी समजले, झालंच असेल."

सुटायला वाट होती. मान हलवायची, दाखला आलाच नाही. बाईंवर सगळ्यांचा विश्वास. कागदाच्या बाबतीत तर सोळा आणे. आवाज नव्हता म्हणजे खोटं बोलायचंही नव्हतं. मान नुसती डावीकडून उजवीकडे.

दारात गाळणीतून थेंब थेंब पडत होतं.

बाई उठल्या. कंडक्टरच्या हातातून वही घेतली, वेष्टणाच्या खिशात दोन बोटं घातली आणि पाकीट काढून पाळकसाहेबांपुढे ठेवलं. वर टपालाचा शिक्का होता. चार वर्षांपूर्वीचा.

पाळकसाहेबांनी दाखला वाचला. तारीख वाचली. पुन्हा वाचली. बाईंनी श्वास धरला. आता होऊन जाऊ दे. कुणीतरी ओरडू दे, वही काढून घेऊ दे.

"राहून गेलं असेल," मागून कुणी म्हणालं.

"एवढ्या कागदांत एखादा राहतोच हो," कंडक्टर म्हणाला. "आजारपण, नोकरी, एकटा जीव."

अपराधसुद्धा त्यांच्या नावावर चढवायला कुणी तयार नव्हतं. मावशीनं मात्र गाळणी खाली ठेवली. ती टेबलाशी आली, पाकिटाकडे पाहिलं, त्या कोऱ्या ओळीकडे पाहिलं, वेष्टणाच्या खिशाकडे पाहिलं. रोज बारीक स्क्रू शोधणारी नजर ती. तिला कळलं. कळलं हे बाईंनाही कळलं.

"चहा तुम्हीच टाकायला सांगायचात दर वेळी," मावशी इतक्या हळू म्हणाली, की फक्त बाईंनाच ऐकू जावं.

बाईंनी नजर वळवली नाही. एवढंच त्यांच्याच्यानं झालं.

"मग आता लिहा की नाव," मावशी मोठ्यानं म्हणाली. "तुमच्याच अक्षरात. दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालायचं नाही."

बाईंनी पेन उघडलं. नाव लिहिलं. काळ्या शाईत, तेवढंच टवटवीत. मग तारखेचा रकाना. आजची तारीख लिहिली तर 'राहून गेलं' हेच खरं ठरत होतं. त्यांनी शिक्क्यावरची तारीख लिहिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात: 'दाखला वेळेवर मिळाला. सेक्रेटरीने मुद्दाम ठेवून घेतला.' खाली सही. वही पाळकसाहेबांकडे सरकवताना चष्मा घसरून टेबलावर पडला.

पाळकसाहेब वाचत होते. वहिनीनं मान उंच करून काय लिहिलंय ते बघायचा प्रयत्न केला.

मावशीनं चष्मा उचलला. दोरा दातांनी तोडला, पर्समधून पेचकस काढला, दोन वेढे फिरवले. काडी उघडून मिटून पाहिली आणि बाईंच्या हातात दिला. प्रेमानं वगैरे नव्हे. दुकानात गिऱ्हाईकाला देतात तसा.

बाईंनी तो घातला. खाली वाकून पाहिलं. घसरला नाही. चार महिने एका बोटानं सारत होत्या, आणि मेलीनं दोन वेढ्यांत बसवला! याचा त्यांना असा काही राग आला, की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

"टोचतंय का?" मावशीनं विचारलं.

बाईंनी मान हलवली. डावीकडून उजवीकडे.