अर्ध्या भाड्याची खोली

पनवेलला उरण नाक्याजवळच्या मच्छी मार्केटात वेणू तीसेक वर्षं मासे विकायला बसते. गिऱ्हाईक माशाचे कल्ले उघडून बघतं, तशी वेणू गिऱ्हाइकाला बघते. पाचशेची नोट उजेडात धरल्याशिवाय तिच्या कमरेच्या पिशवीत जात नाही. मोबाइलवरून पैसे पाठवले म्हणणाऱ्याला बँकेचा मेसेज येईपर्यंत ती जागचं हलू देत नाही. तिला कुणी फसवल्याचं बाजारात कुणाला आठवत नाही, आणि याचा तिला अभिमान आहे.

तिचा नवरा बळीराम करंजाच्या एका बोटीवर तांडेल, बोट त्याच्या हुकमानं चालते. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा बोट किनाऱ्याला ओढलेली असते आणि वेणूच्या पाटावर नुसती सुकट नि सुके बोंबील. नवराबायकोला वर्षात मोकळीक मिळते ती एवढीच. गेल्या वर्षी, या दिवसांत जयपूर बघून या, असं सून रंजितानं सुचवलं.

रंजिता रोडपालीला एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात हिशेब बघते. तिनं सासूसासऱ्यांना समोर बसवून सगळं समजावलं. अगदी धर्मशाळा नको, महागडं हॉटेलही नको, मधलंच बघू. स्वच्छ, एसी, नाश्ता भाड्यातच. थंडीत ज्या खोलीला पाच हजार पडतात ती जुलैत अडीच हजाराला मिळते. पनवेलहून जयपूरची थेट गाडी आहे, तिचं भाडं मात्र बारा महिने तेच. किल्ल्यांची तिकिटंही तीच. म्हणजे पैसे वाचवायचे ते खोलीत आणि फिरण्यात. दिवसभराची गाडी ठरवायची नाही, रिक्षानं फिरायचं. पाच हजार हाताशी राखूनसुद्धा पंचेचाळीस हजारांत दोघांचं छान होईल.

वेणूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "अर्ध्या भावात का देतात? खोलीला झालंय काय?"

सीझन नाही म्हणून, असं रंजितानं सांगितलं. वेणूला ते पटलं नाही. संध्याकाळी अर्ध्या भावात निघालेलं पापलेट कधीचं असतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तिनं स्वतः हॉटेलला फोन लावला, बाजारातल्या हिंदीत भाव विचारला. दुसऱ्या दिवशी दुसरंच नाव सांगून परत विचारला. या वेळी दोनशेनं कमी सांगितला. चोरी पकडल्यासारखी ती रंजितासमोर जाऊन उभी राहिली. रंजिता शांतपणे म्हणाली, तो बिननाश्त्याचा भाव आहे, आणि बाहेर दोघांचा नाश्ता दोनशेच्या वर जातो. वेणूनं पुन्हा फोन करून खात्री केली. तसंच होतं.

तेव्हापासून वेणूचा संशय हॉटेलवरून उठला आणि सुनेवर जाऊन बसला. हिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार कसं? आणि आठवडाभर कशाला? वेणूला चार दिवस पुरे होते. थेट गाडी आठवड्यातून एकदाच असते, शिवाय जास्त दिवस राहिलं की खोली आणखी स्वस्त पडते, असं रंजिता म्हणाली. तेही खरंच होतं. इतक्या पटकन खरं बोलणाऱ्या माणसावर वेणूचा भरवसा बसत नव्हता.

त्यात शेजारच्या गंगाबाईनं तिच्या नात्यातली एक गोष्ट ऐकवली. पोरांनी आईबापाला देवाला पाठवलं आणि मागे त्यांच्या खोल्या भाड्यानं देऊन टाकल्या. ते ऐकून वेणूनं घराची कागदपत्रं काढली आणि बॅगेत तळाला, लुगड्यांच्या खाली ठेवली. बळीरामनं ते बघितलं.

"जयपूरला घरपट्टी कोण मागणार हाय?" तो म्हणाला. वेणूनं चेन ओढून बंद केली.

जयपूरची खोली चांगली निघाली. वेणूनं गादी उचलून बघितली, उशा हुंगल्या, नळ सोडून गरम पाणी येतं का पाहिलं. काही खोट सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. तीन मजल्यांच्या त्या हॉटेलात यांच्याखेरीज दोनच खोल्यांत माणसं होती. खालच्या हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या. नाश्ता आणून देणारा माणूस म्हणाला, पाऊस संपेपर्यंत आमच्यातले निम्मे गावी पाठवलेत, पगार नाही. हे मात्र वेणूला लगेच कळलं. बंदीच्या दिवसांत आमच्यातपण असंच, असं ती त्याला आपण होऊन सांगत बसली.

बाहेर पडल्यावर पुन्हा तेच. एक रिक्षावाला तिनं सांगितलेल्या पहिल्याच भावाला हो म्हणाला, म्हणून ती बसलेली उतरली. बळीराम मजेत होता. तळ्यातला महाल बघताना तो महालाकडे कमी आणि पाण्याकडे जास्त बघत होता, कुठे किती खोल असेल याचा अंदाज घेत.

चौथ्या दिवशी वेणूनं गंगाबाईला फोन केला. काल तुमच्या दारात रिक्षा थांबली, गंगाबाई म्हणाली. पिशव्या उतरल्या, गुंडाळलेली गादी उतरली. कुणीतरी राहायला आलंय.

वेणूनं मुलाला, मितेशला फोन केला नाही. विचारलं तर सावध होतील. तिनं बळीरामला एवढंच सांगितलं, "घरी जायाचं."

उरलेल्या रात्रींचे पैसे भरलेत आणि परत मिळणार नाहीत, त्या अटीवरच खोली एवढी स्वस्त पडली होती, असं बळीरामनं परोपरीनं सांगून पाहिलं. दोनशे रुपयांसाठी तीन फोन करणारी वेणू म्हणाली, जाऊ देत. हाताशी राखलेल्या पाच हजारांतून तत्काळचं तिकीट निघालं. वसईला उतरून, गाडी बदलून, दोघं दुपारी पनवेलला घरी पोचले.

दार उघडंच होतं. आत रंजिता केस मोकळे सोडून जमिनीवर बसली होती, आणि मागे पाटावर बसलेली तिची आई मैना तिच्या डोक्याला तेल लावत होती. मैना विधवा, उरणला एकटी राहते. वेणूला बघून ती तेलकट हातांनीच पदर सावरत उठली. मी आजच निघणार होते, असं ती दोनदा म्हणाली.

वेणूनं रंजिताला बाहेरच्या खोलीत बोलावलं. "मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता?" रंजिता म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मागच्या खेपेला आई राहायला आली, तेव्हा तुम्ही कपाटाला कुलूप लावलंत. तिनं बघितलं ते. तेव्हापासून तुम्ही असताना ती इथं राहत नाही."

कुलूप वेणूनं लावलं होतं. ते कुणाच्या लक्षात आलं असेल, हे मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. "बसा," मैनाला म्हणाली, "पोरीचं डोकं अर्धं राहिलंय. रविवारपर्यंत राहा."

मैनानं डोकं पुरं केलं, वेणी घातली आणि संध्याकाळच्या एसटीनं जायला निघाली. किती सांगितलं तरी थांबली नाही. गुंडाळलेली गादी तिचीच होती. या घरातलं अंथरूण वापरायला नको म्हणून तिनं ती उरणहून आणली होती. नाक्यावर जाणाऱ्या रिक्षापर्यंत ती गादी वेणूनं उचलून नेली. कागदपत्रं रात्री परत कपाटात गेली.

यंदा मे महिन्यात वेणूनं आपण होऊन रंजिताला सांगितलं, उदयपूरचे जुलैचे भाव बघ. आठवड्याचे बघ. "आणि तुझ्या आईला आमी जायच्या आधीच बोलाव. दोन दिवस आमच्याबरोबर राहू दे."

रंजितानं मोबाइलवरून मान वर केली.

"का?" तिनं विचारलं.

"असंच," वेणू म्हणाली.

खोली मिळाली आहे, नाश्त्यासकट, अर्ध्या भाड्यात. आईला विचारते, असं रंजिता म्हणाली होती. अजून तिनं विचारलेलं नाही.