फक्कीचा ठिपका

तीस वर्षं कॉलेजच्या मैदानावर फक्कीच्या सरळ रेषा मारणाऱ्या काकांना निवृत्तीआधी आपला फुटबॉल संघ एकदा तरी जिंकलेला पाहायचा होता. मोसमातले आधीचे सगळे सामने हरून झाले होते. शेवटच्या सामन्याच्या सकाळी काकांनी आपल्या गोलसमोरचा पेनल्टीचा ठिपका दोन पावलं लांब मारला.

"पाहुण्यांना पेनल्टी मिळाली, तर बसतील बोंबलत," ते बायकोला म्हणाले.

"अतिशहाणपणा नडेल हं!"

बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली ती आपल्याच संघाला. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे काका विसरले होते. त्या लांबच्या ठिपक्यावरून मारलेला चेंडू गोलरक्षकाच्या हातात अलगद विसावला.

"काका, माझा पायच आखडला हो," कप्तान रडवेला झाला.

"पाय चांगलाय रे बाळा," म्हणत काकांनी चपलेने ठिपका पुसून टाकला.