टॅब कुठे ठेवायचा

चूक माझीच. आमच्या मोहल्ल्यातल्या मदरशात कुराण शिकायला टॅब आले, तेव्हा सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. कुराण ठेवायच्या लाकडी रेहली मी अडगळ म्हणून माळ्यावर टाकल्या.

परवा छोटी सना धडा चालू असताना सारखा टॅब बंद करत होती. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "खेळणं वाटलं का ते?"

ती हळूच म्हणाली, "चाचा, लिहायला घेतलं की टॅब खाली ठेवावा लागतो. अल्लाचा कलाम जमिनीवर कसा ठेवायचा? म्हणून आधी बंद करते."

तेव्हापासून चैन नाही. मी चार्जर सांभाळले, पासवर्ड जपले, पण अदबीलाही एक जागा लागते हे ध्यानातच आलं नाही. या पोरीनं ती एका बटणात शोधली. पडद्यावरून गेलेली अक्षरं कुठे जात असतील? रात्री फोन पायथ्याशी ठेवतानाही आता हात अडखळतो.

आज रेहली उतरवून पुसल्या. पहिली सनापुढे उघडली. टॅब तीत जरा कलंडूनच बसला.

"चाचा, पडेल," मागून कुणीतरी हसलं.

मी तो नीट टेकवला आणि सगळ्यांसमोरच म्हणालो, "सना बेटा, तुला उगाच ओरडलो. मला माफ कर."