चिखलदऱ्याहून आलेला गारठा

मी कूलर बनवून विकतो. मानवतला बाजारपेठेत छोटं दुकान आहे. पत्र्याच्या बॉड्या, पंप, फॅन, गवत, सगळं मिळतं. गारवा कशानं तयार होतो, त्याला पाणी किती लागतं, हवा कुठून यावी लागते हे मला पोटासाठी शिकावं लागलं. त्यामुळे या पेजवरचे अनुभव मी दुपारच्या मोकळ्या वेळात करमणूक म्हणून वाचायचो. चकवा, झपाटणं, बाहेरची बाधा... एकावरही विश्वास नव्हता. आईनं उतरवून टाकलेला नारळ उचलून, फोडून खाणारा माणूस आहे मी. तेव्हा खाली कमेंटमध्ये तुम्ही जे काही लिहाल ना, ते मी स्वतःला आधीच सांगून बघितलंय.

गेल्या वर्षीचा मे. परभणी जिल्ह्यातला मे ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको – दुपारी नळाच्या पाण्यानं हात भाजतो. आमच्या घरात मी, माझी बायको सुनंदा आणि आई. मुलगी पल्लवी नांदेडला नर्सिंग शिकते, सुट्टीला येते. सुनंदाचं माहेर जिंतूरकडचं बोरी. जन्म सगळा याच उन्हात गेलेला. लग्न झाल्यापासून उन्हाळ्यात आम्ही कधी कुठे गेलोच नाही, कारण उन्हाळा म्हणजेच माझा सीझन.

त्या वर्षी गच्चीवर कुरडया घालताना तिला चक्कर आली. सलाईन लावावं लागलं. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "पल्लूचे पप्पा, मे महिन्यात स्वेटर घालतात असं एखादं गाव दाखवा की मला. लय दिवसांचं मनात हाय."

मी दुकानाला कुलूप लावलं. पूर्णेहून अकोल्याची रेल्वे, पुढे एसटीनं परतवाडा आणि तिथून घाट चढून चिखलदरा. घाटात खिडकीतून पहिली गार झुळूक आली तेव्हा सुनंदानं डोळे मिटून घेतले. डोक्यावरचा पदर काढला. वीस वर्षांत मी तिला इतकं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका पॉइंटवर गेलो. नाव मुद्दाम देत नाही. दरीच्या कडेला लोखंडी रेलिंग, मागे चहाची टपरी, चार-सहा पर्यटक. आभाळ अगदी स्वच्छ होतं. सुनंदा रेलिंगपाशी उभी राहिली, मी चहा आणायला गेलो. दोन्ही हातात दोन ग्लास घेऊन वळलो तर दरीतून धुकं वर आलं होतं. मे महिन्यात! टपरीवालाही बघतच राहिला. समोरचं काही दिसेना. मी हाक मारली, ओ आली नाही. मग जसं आलं तसं ते धुकं गेलं... आणि सुनंदा रेलिंगपासून बरीच लांब, जिथे रेलिंग संपतं तिथे, कडेला उभी. उजवा हात थोडा पुढे केलेला. लहान लेकराला कुणी बोटाला धरून न्यावं तसा.

मी धावत गेलो. ती माझ्याकडे बघत होती, माझ्या हातातल्या ग्लासांकडे बघत होती.

"तुमी चहा आणायला गेला व्हता?"

"मग काय!"

"मग माझा हात कुणी धरला व्हता? मला वाटलं तुमीच. मी म्हणलं बी, अहो कुठं न्यायलात, पुढं दिसंना झालंय. तवा सोडला."

मी म्हटलं, तोल गेला असेल, भास झाला असेल. पण तिचा हात धरला आणि मीच दचकलो. फ्रीजमधून काढलेल्या दुधाच्या पिशवीसारखा हात.

आम्ही त्याच दिवशी खाली उतरलो. मला वाटलं, परतवाड्याच्या उन्हात हात होईल ठीक. नाही झाला. अकोल्यातही नाही. घरी आलो तरी नाही.

पहिले काही दिवस आम्ही हसण्यावारी नेलं, हे खरं सांगितलं पाहिजे. लाईट गेली की सुनंदा माझ्या कपाळावर तो हात ठेवायची आणि मला झोप लागायची. आई म्हणायची, "कूलरवाल्याच्या बायकोलाच कूलर बसला गं माय." शेजारच्या खालाबी दुपारी डाळ निवडायला तिच्याजवळ येऊन बसायच्या, मग आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. बाहेर झळा आणि आमच्या मधल्या खोलीत आंब्याच्या झाडाखाली बसल्यासारखं. एका बाईच्या तापलेल्या पोराच्या डोक्यावर सुनंदानं हात ठेवला, ताप उतरला. मग दोन दिवस लोक पोरं घेऊन यायला लागले. ती कुणाला नाही म्हणाली नाही.

पण गारठा वर सरकत होता. मनगट, मग कोपर. कोपराच्या वर बोट लावलं की कळायचं, इथवर माझी बायको आणि इथून पुढे दुसरंच काहीतरी. बोटं अर्धवट मिटलेली राहायची. मी उघडायला बघितली तर ती कळवळली.

"ओढू नका. मोकळा न्हाई तो हात," ती म्हणाली. "अजून धरलेलाय."

परभणीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, चांगली होती. रक्त वाहतंय, नसा ठीक, एक्स-रे ठीक. नांदेडला पल्लवीनं तिच्या ओळखीनं मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सुनंदाचा हात हातात घेतला, सोडला, आणि स्वतःचा तळवा पँटला पुसला. "असं मी बघितलेलं नाही," एवढंच म्हणाले. गोळ्या दिल्या. माझ्याकडे एसी दुरुस्तीचं तापमान मोजायचं यंत्र आहे, ते मी घरी आणून तिच्या दंडाला लावलं. दारात लावल्यावर जे यंत्र बेचाळीसच्या वर जायचं, ते तिच्या दंडावर फ्रीजच्या खालच्या कप्प्याइतकं दाखवायचं. तीनदा सेल बदलले. यंत्र बरोबर होतं.

आईनं सगळं केलं. लिंबू, अंगारे, दर्ग्याचा दोरा खालाबींनी आणला. मी काहीच अडवलं नाही. या वेळी नारळ खायची हिंमत नव्हती.

खांद्यापर्यंत गारठा आला तेव्हा बायका यायच्या बंद झाल्या. भर दुपारी, बाहेर डांबर वितळत असताना, आमच्या मधल्या खोलीत बोललं की तोंडातून वाफ निघायची. सुनंदा दोन वाकळा आणि माझं जॅकेट अंगावर घेऊन कुडकुडत पडलेली. मी शेगडी पेटवून ठेवायचो. निखारे विझायचे, पण खोली तापायची नाही. ज्या माणसानं उभा जन्म लोकांची घरं गार केली, त्याला स्वतःची एक खोली गरम करता येईना.

शेवटी मीच म्हणालो, जिथून आणलंय तिथे नेऊन सोडू. पुन्हा पूर्णा, पुन्हा अकोला. रेल्वेत समोरचे लोक सुखावले, "या डब्यात एसी आहे का?" म्हणत होते. सुनंदा खिडकीला डोकं टेकून बसली होती.

आणि घाट लागला तसा तिचा हात गरम व्हायला लागला.

मी शपथेवर सांगतो. एकेक वळण चढलं की कोपर, मनगट, तळवा. वर पोचलो तेव्हा बोटं उघडली. तिनं ती पुन्हा पुन्हा मिटून-उघडून बघितली. मी स्टँडवरच रडलो. आम्ही एक खोली भाड्यानं घेतली. तिनं दोन्ही हातांनी भाकरी थापल्या, स्टोव्हवर भाजल्या. पॉइंटवर जाऊन नारळ ठेवला, मी रेलिंगला धरून दरीकडे बघत मोठ्यानं म्हणालो, चुकलं असेल तर माफ करा. पोरं सेल्फी काढत होती. ऊन पडलं होतं. काही झालं नाही.

मी मनात सगळं ठरवलं. दुकान विकायचं, इथे चहाची टपरी टाकायची, आईला घेऊन यायचं. पल्लवीला फोन केला, ती ओरडलीच आनंदानं, "मम्मीला तिथंच ठेवा पप्पा, खालीच आणू नका!"

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा पिशवी भरून बसली होती.

"घरी चला," म्हणाली.

"वेडी झालीस का? इथे बरी आहेस तू!"

"म्हणूनच भ्या वाटायलंय." ती अगदी शांत होती. "इथं आलं की सोडतंय, खाली गेलं की धरतंय. ते मला बरं करंना गेलंय, ते मला बोलवायलंय. रोज सकाळी उठले की माझे पाय आपोआप त्या कड्याकडं निघायलेत. आज तर मी चप्पल न घालता फाटकापतुर गेले व्हते. तुमी झोपलेले व्हता. एखाद्या दिवशी मी फाटकाशी थांबणार न्हाई."

"मी दाराला कुलूप लावतो. रात्रंदिवस बसतो."

"किती वर्सं बसताल?" तिनं विचारलं. "मला माझ्या घरात मरू द्या. त्या दरीत न्हाई. सापडायची बी न्हाई मी तिथं."

मी खूप बोललो. पाया पडलो तिच्या. पल्लवी फोनवर रडून रडून थकली. सुनंदानं ऐकलं नाही. घाट उतरताना मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून बसलो होतो. म्हटलं, बघू कोण नेतंय. परतवाडा दिसायला लागलं आणि माझ्या दोन्ही हातांच्या आतमध्ये, माझ्या पकडीतच, तिची बोटं हळूहळू मिटली. माझ्या बोटांभोवती नाही मिटली ती. मधे जागा ठेवून मिटली.

त्यानंतर जास्त दिवस लागले नाहीत. गारठा छातीपर्यंत आला आणि एका दुपारी, आई तिला चमच्यानं चहा पाजत असताना, तिचा श्वास थांबला. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. दुसरं काय लिहिणार?

तिला आंघोळ घालणाऱ्या बायकांत आई होती. बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "बाबू, सगळं अंग बर्फ हाय रे. पण उजवा हात ऊन हाय. आत्ता कुणीतरी सोडल्यावानी."

मी आत जाऊन बघितलं नाही. आजही वाटतं बघायला हवं होतं, आणि आजही वाटतं बरं झालं नाही बघितलं.

खालाबींनी एकदा सरळ विचारलं, "भाईजान, उपर ठेवलं असतं तर जगली असती क्या?" मी मोटारीची वायर गुंडाळत राहिलो. जगली असती, असं म्हटलं तर मी तिला मरायला खाली आणलं. नसती, असं म्हटलं तर ती कड्यावरून जाणारच होती. दोन्हीकडून विचार करून बघितलाय. सुटत नाही. धुकं कशाचं होतं, हात कुणाचा होता, तिचाच का धरला, मी चार पावलं आधी पोचलो असतो तर काय... यातलं मला आजही काहीच माहीत नाही. इथे लिहिलं ते उत्तर मिळेल म्हणून नाही. पल्लवीमुळे लिहिलं.

परवा तिचा फोन आला. कॉलेजच्या मैत्रिणी सुट्टीत चिखलदऱ्याला निघाल्यात, तिनंही येते म्हणून सांगितलंय. मी ओरडलो, आईची शपथ घातली, विनवण्या केल्या. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, तिथं काही नाही असं तुम्हीच पहिल्यांदा म्हणाला होतात ना? मग मला का अडवताय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला बाकी कुठं फिरायचं नाही. त्या रेलिंगपाशी जाऊन फक्त एकदा हात पुढं करून बघायचाय. मम्मी असली तर?"

शनिवारी निघणार आहेत त्या.