नोमिकोसचा साकेलारिस

पस्तीस वर्षं थेमेलीना बेटावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. एक्स्चेंज बंद पडलं, ती निवृत्त झाली, पण फोन काही तिच्या कानापासून सुटला नाही. नगरपालिकेच्या तळमजल्यावर तिला एक खोली मिळाली आणि तिथे बसून ती म्हाताऱ्यांसाठी डॉक्टर शोधू लागली. नुसते डॉक्टर हवे असतील तर रोड्सला, पलीकडच्या मोठ्या बेटावर, ढिगाने आहेत. पण फंडावर, म्हणजे सरकारी विम्यावर तपासणारा डॉक्टर शोधणं हे येरागबाळ्याचं काम नाही. "फंडावर घेता का?" असं विचारलं की पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगते, फंडावर हवं असेल तर मे महिन्यात, नाहीतर उद्या सकाळी या. मग थेमेलीना एक्स्चेंजमधला जुना करडा आवाज काढायची, आणि मे महिन्याचा पुढचा आठवडा होऊन जायचा.

तिची एक सवय साऱ्या बेटाला ठाऊक होती. तपासणी चांगली आली की ती तत्क्षणी फोन करायची, माणूस जेवत असो वा झोपलेला. वाईट आली की फोन नाही. ती स्वतः घरी जायची आणि जायला एक-दोन दिवस लावायची. तिचा पाय उचलत नसे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमारास, भट्टीवाला साकेलारिस पिठाने पांढरा झालेला हात पुसत तिच्या खोलीत आला.

"थेमेलीना, हे बघ बरं. सहा दिवस झाले या मेसेजला. कुणीतरी मला काहीतरी विकतंय वाटतं."

"तुला कोण काय विकणार? तूच शिळा पाव विकतोस आम्हाला," ती म्हणाली आणि तिने चष्मा लावला.

मेसेज रोड्सच्या एका तपासणी केंद्राचा होता. 'साकेलारिस हाल्कीतिस, आपल्या पोटाच्या फोटोचा अहवाल तयार आहे. विलंब न करता डॉक्टरांशी संपर्क साधा.'

"मी पोटाचा फोटो कधी काढला गं?" भट्टीवाला हसत होता. "माझं पोट तर बाहेरूनच दिसतं."

थेमेलीनाने नाव पुन्हा वाचलं. पोटाचा फोटो काढायला मागच्या मंगळवारी तिने एका साकेलारिस हाल्कीतिसला रोड्सला धाडलं होतं, पण तो हा नव्हे. तो मधमाश्यांवाला, याचा चुलतभाऊ. रिवाजाप्रमाणे दोघांनाही आजोबांचं नाव ठेवलेलं. ओळखायला सोपं जावं म्हणून हा 'भट्टीवाला' आणि तो 'नोमिकोसचा'.

आणि इथेच ती चुकली होती. बेटावर नवीन आलेल्या डॉक्टरबाईंनी मधमाश्यांवाल्याचं पोट दाबून पाहिलं. तो कागदपत्रं घरी विसरून आला होता, म्हणून तो गेल्यावर त्यांनी थेमेलीनाला फोन केला. "काकू, त्या मधमाश्यांवाल्या साकेलारिस यांचं तपासणीच्या चिठ्ठीवर नाव घालायचंय. वडिलांचं नाव काय?" "नोमिकोस," थेमेलीनाने क्षणभरही विचार न करता सांगितलं. डॉक्टरबाईंच्या कॉम्प्युटरला नोमिकोसचा मुलगा साकेलारिस बरोबर सापडला, त्याच्या विम्याच्या आणि फोनच्या नंबरासकट. कारण नोमिकोसचा खरा मुलगा भट्टीवाला होता. मधमाश्यांवाल्याचा बाप मिकेस. तो समुद्राच्या तळाचे स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेला आणि पाण्यातून वर आलाच नाही. पोर दोन वर्षांचं होतं. काका नोमिकोसने त्याला वाढवलं, आणि तेव्हापासून सत्तरहून जास्त वर्षं सारं बेट त्याला नोमिकोसचा म्हणत आलं. मिकेसचं नाव कागदावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. केंद्रातल्या लोकांनी ओळखपत्रावर साकेलारिस हाल्कीतिस एवढं वाचलं आणि त्याला आत घेतलं.

तिने रोड्सला फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी अहवाल उघडला आणि एकदम म्हणाले, "हा माणूस आहे कुठे? पोटातली मोठी रक्तवाहिनी सात सेंटीमीटर फुगलीय. फुटली तर मिनिटांचा खेळ आहे. वजन उचलू देऊ नका, वाकू देऊ नका. आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात आणा. मी कळवून ठेवतो."

"आठ दिवस," थेमेलीना म्हणाली.

भट्टीवाल्याचं हसू कधीच पुसलं गेलं होतं. त्याने आपल्या फोनवरून मधमाश्यांवाल्याला लावला, तो वाजत राहिला, कुणी उचलेना. बोट अकराला होती आणि उद्यापासून वाऱ्यामुळे बोटबंदी लागणार होती. नवी चिठ्ठी करायला तिने डॉक्टरबाईंना सांगितलं. या वेळी बापाचं नाव तीनदा म्हटलं. मग दोघंही पावाच्या गाडीत बसली.

मधमाश्यांवाल्याचं घर बेटाच्या दुसऱ्या टोकाला. रस्ता कड्याकड्याने जातो, पण थेमेलीनाला कडा दिसतच नव्हता. तिला दिसत होतं एवढंच, की चौऱ्याहत्तर वर्षांचा एक माणूस वाकतोय आणि मधाने भरलेली पेटी उचलतोय. फेब्रुवारीत पेट्या ऊन लागेल तिकडे हलवतात, हे तिला माहीत होतं.

"चालव ना जरा!"

"अगं, चालवतोय! उडवू का आता?" तो ओरडला आणि लगेच रडवेल्या आवाजात म्हणाला, "मी ठोंब्या. सहा दिवस खिशात घेऊन फिरलो."

"तू गप्प बस. माझी चूक आहे."

घराजवळ पोचली तेव्हा भिंतीलगतच्या पेट्या जागेवर नव्हत्या. एकही नाही. जमिनीवर नुसते चौकोनी डाग. दार लोटलेलं. त्याने पेट्या उचलल्या, सगळ्या उचलल्या, आणि आता आत जाऊन काय बघायचं, असं तिला वाटलं. तिला दार ढकलवेना. शेवटी भट्टीवाल्याने ढकललं.

साकेलारिस आत खुर्चीवर बसला होता. अंगात लग्नाकार्याचा काळा सूट, पायात पॉलिश केलेले बूट, समोर टेबलावर घराची किल्ली.

"आलीस?" तो म्हणाला. "मला वाटलं कालच येशील."

"पेट्या कुठायत?"

"खालच्या आळीतल्या पोरांना देऊन टाकल्या. त्यांनीच नेल्या उचलून. फोन वाजला मघाशी, पण भट्टीवाल्याचं नाव दिसलं. म्हटलं, याला काय सांगू?" तो तिच्याकडे बघत राहिला. "तू चांगलं असलं की फोन करतेस. आठ दिवस तुझा फोन नाही. म्हटलं, तिला सांगवत नाही एवढं वाईट आहे. मग काय, बसून राहिलो. हलायचीसुद्धा भीती वाटत होती."

थेमेलीना त्याच्यासमोर जमिनीवरच बसली आणि तिने सगळं सांगितलं. बापाचं नाव चुकलं, अहवाल दुसऱ्याकडे गेला, तिला कळलंच नाही.

"माझ्या बापाचं नाव मला विचारलं असतं," तो म्हणाला, "तर मीही नोमिकोसच सांगितलं असतं."

"चूक ती चूकच."

"वाईट आहे का फार?"

"वाईट आहे," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय, साकेलारिस."

"बरं झालं बाई. आठ दिवस मी एकटाच भीत होतो."

पावाचे ट्रे काढून त्यांनी त्याला गाडीत आडवं निजवलं. थेमेलीनाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जाताना 'चालव ना' म्हणून ओरडलेली बाई आता प्रत्येक खड्ड्याला "हळू, हळू" म्हणत होती. बोटीचा भोंगा वाजला तेव्हा ते धक्क्यापासून दोन वळणं लांब होते. भट्टीवाल्याने हॉर्नवरचा हात धक्क्यापर्यंत काढला नाही, आणि कप्तानाने शिव्या देत फळी पुन्हा खाली सोडली. चार तास समुद्र हलत होता. प्रत्येक लाटेला थेमेलीना त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि तो डोळे न उघडता म्हणायचा, "आहे अजून."

रोड्सला त्याला थेट ऑपरेशनला नेलं. बाहेरच्या बाकावर थेमेलीना आणि भट्टीवाला बसून राहिली. तिला वाटत होतं, यापुढे कुणाचं नाव फोनवर उच्चारायची आपली लायकी नाही. उद्या खोलीला कुलूप लावायचं. भट्टीवाल्याने बिस्किटाचा पुडा उघडला, पण दोघांपैकी कुणीच खाल्लं नाही.

दिवेलागणीला दार उघडलं. हिरव्या टोपीतल्या डॉक्टरांनी कागदावर बघून मोठ्याने विचारलं, "मिकेस यांचे चिरंजीव. त्यांचं कोण आहे इथे?"

दोघंही बसूनच राहिली. थेमेलीनाने मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं, तिथल्या बायकांपैकी कुणीतरी उठेल म्हणून. कुणीच उठलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"अरे देवा," भट्टीवाला म्हणाला. "अगं, आपलाच की!"

थेमेलीना उठली.

"आम्ही आहोत," ती म्हणाली. "मिकेसच्या मुलाचे आम्ही आहोत. आहे का तो?"

"आहे," डॉक्टर म्हणाले.