इनलँड पत्रातून पाहिलेली मालिका

काल आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकानं ठामपणे लिहिलं, की अंतराळातल्या मालिकांचं वेड आपल्या वाशीमकडं घरोघरी टीव्ही आल्यावरच आलं. हे चूक आहे. चुकीचं वाचून गप्प बसण्याची मला सवय नाही, म्हणून लिहिते.

सत्तरचं दशक. मी वाशीमजवळच्या मालेगावच्या शाळेत नुकतीच लागले होते, राहायला आत्याकडं. गावात टीव्ही नव्हता, पण मालिका दर आठवड्याला यायची... पोस्टानं.

माझ्याच शाळेत शिकवणारी कमल केनवडची. तिचा भाऊ मुंबईला नोकरीला होता. शेजाऱ्याच्या टीव्हीवर तो अंतराळातल्या जहाजाची एक इंग्रजी मालिका बघायचा आणि अख्खा भाग इनलँडवर बारीक अक्षरात लिहून बहिणीला पाठवायचा. इंग्रजी त्याचं बेताचंच. जिथं कळलं नाही तिथं प्रामाणिकपणे लिहायचा, "येथे दोघे बरेच बोलले, समजले नाही."

आमची खरी भांडणं त्या न समजलेल्या जागेवर व्हायची. रविवारी दुपारी कमलच्या खोलीवर कमल, मी आणि दवाखान्यातल्या नर्स शालिनीबाई... ते दोघे काय बोलले असतील, यावर तास-तास जायचा. शालिनीबाईंच्या मते दर वेळी औषधाबद्दलच.

या पोरी दर रविवारी करतात काय, ते बघायला एकदा आत्या आली आणि तिथंच अडकली. ती वाडीत भाजी पिकवून बाजारात विकणारी. तिचा पहिलाच प्रश्न, "त्या जहाजात भाजी कुठून येते वं?"

कमल म्हणाली, "गोळ्या खाऊन राह्यतात ते, आत्या."

"मंग निघाले कायले घरून."

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगायला मला आवडत नाही. कमल बौद्ध. आत्या येताना घरून पाण्याचा तांब्या आणायची, वर पेला पालथा घालून. मी आधी कमलकडचं सगळं खात-पीत होते... आत्या यायला लागल्यावर मीही त्या पेल्यातून प्यायला लागले. तीन रविवार. आत्याशी वाद कोण घालणार, एवढंच माझं कारण.

चौथ्या रविवारी भाग ऐन रंगात आला होता. अनोळखी ग्रहावर जहाजाचा मिस्त्री तापानं पडलेला, आणि जहाज तासाभरात निघायलाच हवं. शालिनीबाई म्हणाल्या, एवढ्या तापात पेशंटला हलवू नये.

आत्या उसळली. "हलवू नये म्हंजे? टाकून जातीन काय त्याले? त्याची माय वाट पाहून राह्यली असन तिकडं." बोलून घसा कोरडा पडला, तसा तिनं तांब्याकडं हात नेला.

कमलनं इनलँडची घडी घातली.

"आत्या, तहान लागली तं माह्या घरी माठ आहे. तांब्या आणाचा असन तं पुढच्या रविवारपासून येऊ नका. सुमन, तूबी." आवाज चढवला नाही. फळ्यावर तारीख लिहावी, तसं सांगितलं.

मी उठले, माठातलं पाणी घेतलं आणि प्याले. उशीर झालाय, हे मला कळत होतं... आत्या तांब्या उचलून घरी गेली. मग कमलनं उरलेला भाग आम्हा दोघींना वाचून दाखवला.

पुढचे तीन दिवस आत्या बेचैन. भाकरी थापता थापता विचारायची, "त्या मिस्त्रीचा ताप उतरला का?" मी म्हणायचे, "जाऊन विचार." तिनं शालिनीबाईंना दवाखान्यात गाठलं. त्या म्हणाल्या, "मी ड्युटीवर आहे."

मी वरून कडक, पण आतून धास्तावलेली. कमलकडं जाणं मी सोडणार नव्हते आणि तो तांब्याही पुन्हा चालवून घेणार नव्हते. म्हणजे आत्या अडून बसली, तर तिचं घर सोडावं लागणार... मी एक खोली बघूनही ठेवली होती.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी कमलकडं बसले होते. दारात आत्या उभी. डोक्यावर टोपली, हात रिकामे.

"बसा, आत्या."

"बसाले नाई आली. त्याले घेतलं का जहाजात, तेवढं सांग."

"सांगत नाई. वाचून दाखवते. पाणी घेता?"

आत्यानं टोपली खाली ठेवली. माझ्याकडं पाहिलं, मग माठाकडं... मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

"दे," ती म्हणाली. "उन्हातून आली मी."

प्याली. पदरानं तोंड पुसलं आणि मांडी घालून बसली. कमलनं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. जहाज निघालं, अर्ध्या वाटेवरून परत फिरलं, मिस्त्रीला उचललं.

"मंग हे पहिलेच करता येत नवतं काय," आत्या म्हणाली. कमलला हसू आवरेना... शेवटी आत्याही हसली.

माफी आत्यानं मागितली नाही. कमलनं तो विषय परत काढला नाही. पुढं दोन वर्षं आमचा एक रविवार चुकला नाही, आणि मी दुसरीकडं राहायला गेले नाही.

कमलनं ती घडी घातली नसती, तर मी आणखी किती रविवार त्या पेल्यातून पीत राहिले असते, कोण जाणे. तिचे आभार मी कधी मानले नाहीत. आज इथं मानते.

ग्रुपवाल्यांच्या माहितीसाठी त्या बुधवारची नोंद. आत्याच्या हातून कमलच्या हातात : टोपलीभर वांगी आणि पालकाची एक जुडी. कमलच्या हातून आत्याच्या हातात : माठातलं पाणी, दोन पेले. दुसरा आत्यानं मागून घेतला.